दाभोळ आणि रोमन नाणीं

इ. स. च्या पहिल्या शतकांत इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथांत चौलच्या दक्षिणेस ‘मंदगोर’ व त्यापुढें ‘पालैपत्मै’ हीं बंदरें येतात. पहिलें बाणकोट व दुसरें दाभोळ असावें, असें शॉफ यांनीं इ. स. १९१२ च्या भाषांतरांत सुचविलें आहे. या तर्कास मुख्य आधार बंदरांच्या क्रमाचा. त्या काळचें रोमन नाणें दाभोळांत निश्चित स्थळीं सांपडल्यास तर्कास पुष्टि मिळेल. म्हणूनच येथें संग्राहकांनीं अधिक सावध असावें.

पहिली सावधगिरी पुतळीविषयीं. जुन्या घराण्यांतील माळेची पुतळी ही मूळची व्हेनिसची मोहोर. तिजवर संत मार्कापुढें गुडघे टेकलेला तेथील अधिपति व उलट बाजूस ख्रिस्त असतो. वजन सुमारें ३॥ मासे. ही मोहोर इ. स. १२८४ नंतरची, पुढें देशी सोनारांनींही तिच्या नकला केल्या. बहामनी व आदिलशाही अमदानींत दाभोळचा व्यापार अरबस्तान-इराणपर्यंत चाले. तेव्हां येथील परकी सोनें रोमनच, असें मानतां येत नाहीं. रोमन मोहोरेवर बहुधा बादशहाचें एका बाजूस पाहणारें मस्तक असतें, व नीरोनें इ. स. ६४ च्या सुमारास वजन घटविल्यावरही ती सुमारें ७॥ माशांची भरे.

दुसरें असें कीं, नाणें न मिळणें म्हणजे व्यापार नसणें नव्हे. रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं भडोच येथें देशी नाण्यांशीं बदलून नफा होई, व कल्याणास आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात, असें पेरिप्लसच सांगतो. नाशिकच्या लेखांत उषवदातानें ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, अर्थात् सुवर्णास ३५ कार्षापण, असा हिशेब दिला आहे. रोमन रुपें आटवून क्षत्रपांचीं नाणीं पाडलीं गेलीं असावींत, असें कित्येक विद्वान् मानतात. आटलेल्या नाण्याची साक्ष कशी मिळावी?

म्हणून जें नाणें वांचलें असेल, त्याचें स्थळ, खोली, सोबतचीं खापरें व वजन हीं त्याच दिवशीं टिपावींत. नाणें घासूं नये, निधि फोडून वांटूं नये, गुप्तधनाविषयींच्या इ. स. १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास वर्दी द्यावी. स्थळ हरवलेलें सोन्याचें नाणें शोभेची वस्तु होय; स्थळ टिपलेलें झिजकें तांब्याचें नाणेंही दाभोळचा इतिहास हजार वर्षें मागें नेऊं शकेल.