ख्रिस्ती वास्तुकलेचे देशीकरण (गोवा, वसई व दक्षिण महाराष्ट्र)

युरोपीय चर्चवास्तूला पश्चिम किनाऱ्यावरील दगड, पाऊस आणि कारागीर यांच्यामुळे आलेले स्थानिक रूप. सुरुवात सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमलात.

साहित्य व कारागिरी : आराखडे धर्मसंघांचे, बांधणारे हात गोमंतकीय. जांभा सच्छिद्र असल्याने भिंतींना चुन्याचा जाड गिलावा देत. जुन्या गोव्यातील बाँ जेझू बासिलिकेच्या (१५९४–१६०५) दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी काळा दगड वसईहून आणला. तिचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकण्यात आला. आज दिसणारा उघडा तांबडा जांभा हे तिचे मूळ रूप नव्हे. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवत; त्यांतून मवाळ उजेड आत येतो. काही चर्चमधील लाकडी प्रवचनपीठे नागिणींच्या आकृतींनी तोलून धरली आहेत. जुन्या गोव्यातीलच रोझरी चर्चमध्ये गव्हर्नर गार्सिया द सा यांच्या पत्नी कातारीना यांच्या स्मारकावरची नक्षी गुजराती वळणाची आहे. पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास १५६७च्या धर्मसभेने मनाई केली. मनाई करावी लागली, यावरूनच ती प्रथा किती रूढ होती हे दिसते. या मिश्रणामागे धर्मगुरूंचे धोरण किती आणि कारागिरांची सवय किती, याबद्दल एकमत नाही.

उलट प्रवाह : प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. फोंडा तालुक्यातील देवळांनी चर्चकडून घुमट, कमानदार खिडक्या आणि कठडे उचलले. कवळे येथील शांतादुर्गेचे सध्याचे देऊळ १७३८च्या सुमारास, साताऱ्याचे छत्रपती शाहू यांच्या कारकिर्दीत, नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने उभे राहिले असे मानतात. सातारा दरबाराच्या आश्रयाने बांधलेल्या देवस्थानात अशा रीतीने चर्चची वळणे रुजली. मंगेशीची सात मजली दीपमाळ याच परिसरातली. मराठ्यांच्या १७३९च्या वसई मोहिमेनंतर चर्चच्या घंटा देवळांत आल्या. त्यांपैकी एक वाईजवळील मेणवलीच्या घाटावर आहे. तिच्यावर बालयेशूसह मारियेची आकृती आहे.

तुलना : तासगावच्या गणपती मंदिराचे (१७७९–९९) सात मजली गोपूर. कर्नाटकातील मोहिमांत पाहिलेला दाक्षिणात्य आकार सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांनी कृष्णाखोऱ्यात आणला. येथेही परमुलखातील घडण स्थानिक उत्सवाशी जोडली गेली; ऋषिपंचमीचा रथ याच गोपुरासमोरून निघतो. ख्रिस्ती प्रभावाशी मात्र त्याचा संबंध नाही.