खेळण्यांची सुरक्षा आणि छोटा कारागीर : अमेरिका 2008, भारत 2020

लहान मुलांच्या वस्तूंसाठी सुरक्षेचे नियम असावेत, याला सहसा कोणी विरोध करत नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जुलै 2008 मध्ये असा एक कायदा अंतिम मतदानाला आला तेव्हा बाजूने 424 मते पडली आणि विरोधात एक. सिनेटमध्ये 89 विरुद्ध 3. तरीही काही महिन्यांतच घरी कापडी बाहुल्या शिवणाऱ्या बायका, लाकडी खेळणी करणारे सुतार, जुन्या वस्तू विकणारी धर्मादाय दुकाने आणि चक्क ग्रंथपालही या कायद्याविरुद्ध तक्रार करू लागले. बारा वर्षांनी भारतात जवळपास तोच प्रश्न चन्नपट्टण, एटिकोप्पाका, कोंडापल्ली इथल्या कारागिरांपुढे आला. दोन्ही देशांनी शेवटी छोट्यांना सूट दिली, पण ती वेगवेगळ्या गोष्टींची. हा फरक कसा पडला ते या टिपणात पाहू.

2007 : मोठ्यांची चूक

शिसे मिसळलेला रंग चकचकीत दिसतो, टिकतो आणि लवकर वाळतो, म्हणून तो पूर्वी सर्रास वापरला जाई. पण शिसे शरीरात गेले की लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. त्याचे अमुक प्रमाण मुलांना चालते, असे आज वैद्यकशास्त्र म्हणत नाही. रांगते मूल हाती येईल ते तोंडात घालते, त्यामुळे खेळण्यावरचा रंग हा त्याच्या पोटात जाणारा पदार्थच समजायला हवा.

अमेरिकेने 1978 मध्येच रंगातील शिशावर दहा लाख भागांत 600 भाग अशी मर्यादा घातली होती. म्हणजे 2007 मध्ये चीनहून आलेली शिसेयुक्त खेळणी सापडली, ती तेव्हाच्या कायद्यानेही बेकायदाच होती. त्या वर्षी जूनमध्ये ‘थॉमस’ मालिकेच्या लाकडी आगगाड्या, तर ऑगस्टमध्ये मॅटेल कंपनीची फिशर-प्राइस नावाने विकलेली खेळणी परत मागवावी लागली. या दोन्ही वेळी जगभरातला आकडा सुमारे 15 लाखांच्या घरात होता. त्याच ऑगस्टमध्ये मॅटेलने सुट्या होणाऱ्या छोट्या चुंबकांमुळे याहून कितीतरी अधिक खेळणी परत घेतली. तो दोष रंगाचा नव्हता, कंपनीच्या स्वतःच्या रचनेचा होता, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याने बीजिंगमध्ये जाऊन तसे कबूल करत माफीही मागितली.

थोडक्यात, कायदा होता, पण तो कोणी तपासत नव्हते. काँग्रेसने मात्र यावर उत्तर म्हणून नवा, अधिक कडक कायदा केला. 14 ऑगस्ट 2008 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली. रंगातील शिशाची मर्यादा 600 वरून 90 वर आली. रंगाखालच्या मूळ पदार्थातील शिशासाठी 600, मग 300 आणि 2011 पासून 100 अशा पायऱ्या ठरल्या. प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट वर्गातील काही रसायनांना 0.1 टक्क्याची मर्यादा लागली. मोठा बदल मात्र मर्यादेत नव्हता. मुलांची वस्तू बाजारात आणण्यापूर्वी मान्यताप्राप्त बाहेरच्या प्रयोगशाळेकडून ती तपासून घेणे आता उत्पादकावर बंधनकारक झाले.

चाचणीचा हिशेब

छोट्या उद्योगाचे दुखणे इथे सुरू होते. ते समजायला एक कल्पित हिशेब मांडू. समजा, एका नमुन्याच्या चाचणीला 20 हजार रुपये लागतात. कारखान्याने त्या नमुन्याची पाच लाख नग खेळणी काढली, तर एका नगावर चाचणीचा बोजा चार पैसे पडतो. घरच्या घरी पन्नास नग करणाऱ्यावर तोच बोजा नगामागे 400 रुपये होतो. चाचणीचा खर्च नमुन्यावर बसतो, नगांवर नाही, आणि हाताने काम करणाऱ्याचे तर वैशिष्ट्यच असे की त्याचे नमुने पुष्कळ आणि नग थोडे. बाहुलीचे कापड बदलले, बटण बदलले, डोळ्यांचा रंग बदलला की पुन्हा चाचणी आलीच. कारखान्याला जे वैविध्य टाळता येते, त्यावरच कारागिराचे पोट असते.

2008 मध्येच अशा लोकांनी ‘हँडमेड टॉय अलायन्स’ ही संघटना उभी केली. शिशाची पहिली मर्यादा 10 फेब्रुवारी 2009 रोजी लागू होणार होती, त्या तारखेला काहींनी ‘राष्ट्रीय दिवाळखोरी दिन’ असे नाव ठेवले. आयोगाने जानेवारीच्या शेवटी बऱ्याचशा चाचण्यांची सक्ती वर्षभर पुढे ढकलली, पण मर्यादा मात्र कायम ठेवल्या. ग्रंथपालांची अडचण आणखी विचित्र होती. 1985 पूर्वीच्या काही पुस्तकांच्या शाईत शिसे असू शकते, म्हणून जुनी बालपुस्तके मुलांच्या हाती द्यावीत की नाही, हाच प्रश्न निर्माण झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. आगगाडीवरच्या रंगासाठी लिहिलेले वाक्य ग्रंथालयातल्या कपाटापर्यंत पोहोचले, कारण कायद्यात ‘मुलांची वस्तू’ एवढीच व्यापक व्याख्या होती.

मॅटेलचे काय झाले? जून 2009 मध्ये कंपनीला 23 लाख डॉलरचा दंड झाला. आणि त्याच वर्षी, कायद्यातल्या तरतुदीनुसार, व्यवस्थापनाच्या दबावापासून अलग राखण्याच्या अटीवर, कंपनीच्या स्वतःच्या प्रयोगशाळांना चाचणीची मान्यता मिळाली. ज्याच्या चुकीमुळे कायदा झाला त्याने घरातच चाचणी करावी, आणि ज्याने चूक केली नाही त्याने बाहेर पैसे मोजावेत. यात बेकायदा काही नव्हते. प्रयोगशाळा उभारण्याची ऐपत हीच पात्रता ठरली होती.

पुढे दुरुस्त्या झाल्या. ऑगस्ट 2009 मध्ये आयोगाने कोरे लाकूड, कापूस अशा ज्या पदार्थांत मुळातच शिसे नसते, त्यांना शिशाच्या चाचणीतून वगळले. माझ्या मते ही साऱ्यांत शहाणी दुरुस्ती, कारण ती धंद्याचा आकार न पाहता धोका कुठे आहे ते पाहते. मग ऑगस्ट 2011 च्या दुरुस्ती कायद्याने साधी पुस्तके आणि वापरलेल्या वस्तू यांची बरीच सुटका केली आणि ‘अल्प-संख्या उत्पादक’ असा नवा वर्ग निर्माण केला. वर्षाची एकूण विक्री दहा लाख डॉलरपर्यंत आणि एका वस्तूचे नग 7500 पर्यंत असतील, तर आयोगाकडे नोंदणी करून काही चाचण्यांतून सूट मिळू लागली. सूट चाचणीतून होती, मर्यादेतून नव्हती. शिशाची मर्यादा त्यालाही तीच, आणि रंगातील शिसे, गिळले जातील असे छोटे भाग अशा गंभीर धोक्यांची बाहेरची चाचणी त्यालाही चुकत नाही.

भारत : मानक ऐच्छिक होते, ते सक्तीचे झाले

भारतात खेळण्यांची मानके होती, पण देशी उत्पादकाला ती ऐच्छिक होती. सरकारचे लक्ष प्रथम आयातीकडे गेले. जानेवारी 2009 मध्ये चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी आली आणि मार्चमध्ये चाचणीच्या अटीवर ती सैल झाली. सप्टेंबर 2017 पासून आयात खेळण्यांना भारतीय मानक लागू झाले. 2019 मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून घेतलेले आयात खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नमुने मानकात बसले नाहीत. फेब्रुवारी 2020 मध्ये दोन गोष्टी एकदमच झाल्या. आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेले, आणि 25 तारखेला खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश निघाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी केलेली प्रत्येक वस्तू त्याच्या कक्षेत आली. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना आणि आयएसआय चिन्ह आवश्यक झाले.

अमलाची तारीख 1 सप्टेंबर 2020 होती, ती करोनाच्या काळात 1 जानेवारी 2021 वर गेली. या मुदतीत कारागिरांचा प्रश्न पुढे आला. ब्युरोचा परवाना मुळात कारखान्यासाठी आखलेला असतो. त्यात उत्पादनाची जागा, ठरलेली चाचणी-योजना आणि नियमाप्रमाणे आवारातच प्रयोगशाळा गृहीत असते. चन्नपट्टणच्या कातकाम करणाऱ्याकडे असते कातयंत्र, लाखेच्या रंगीत कांड्या आणि केतकीसारख्या पानाचा घोट. फिरत्या लाकडावर कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. कर्नाटकातले चन्नपट्टण काय किंवा आंध्रातले एटिकोप्पाका काय, लाकूड एकाच जातीच्या झाडाचे, ज्याला आपण काळा कुडा म्हणतो. एटिकोप्पाकात सी. व्ही. राजू यांनी कारागिरांना सोबत घेऊन वनस्पतिज रंग पुन्हा वापरात आणले. कोंडापल्लीची अडचण निराळी. तिथल्या बाहुल्या बऱ्याच घरी सणाच्या दिवसांत बोम्मल कोलुवूत मांडल्या जातात. मग ते खेळणे की शोभेची वस्तू? आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे-भाज्या घ्या. घरात ती परडीत सजवून ठेवतात, पण मूल काही ती व्याख्या वाचून हातात घेत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये, अंमल सुरू व्हायला तीनेक आठवडे उरले असताना, आदेशात दुरुस्ती झाली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तू, तसेच भौगोलिक मानांकन मिळालेल्या उत्पादनांच्या नोंदणीकृत मालकांनी आणि अधिकृत वापरकर्त्यांनी बनवून विकलेल्या वस्तू आदेशातून वगळल्या गेल्या. अमेरिकेशी तुलना इथे करावी. तिकडे छोट्याला चाचणीतून सोडले, इकडे आदेशातूनच सोडले. तिकडे कसोटी होती नगांची आणि विक्रीची, इकडे कसोटी आहे ओळखीची, म्हणजे कारागीर म्हणून नोंद असण्याची.

याचे दोन परिणाम दिसतात. पहिला, नोंद नसलेला माणूस मध्येच अडकतो. वस्तीत कापडी बाहुल्या शिवणारा बचतगट किंवा दोन यंत्रांवर प्लास्टिकचे खुळखुळे काढणारा गाळा यांना मानांकन नाही, हस्तकलेची नोंद असेलच असे नाही आणि प्रयोगशाळा तर नाहीच. ब्युरोने डिसेंबर 2020 मध्येच सूक्ष्म उद्योगांना आवारात प्रयोगशाळा नसतानाही वर्षभरासाठी परवाना देण्याची सवलत दिली आणि नंतर ती वाढवली, ती याच वर्गासाठी. पुढच्या काही वर्षांत देशी उत्पादकांना हजारावर परवाने मिळाले, म्हणजे अनेकांनी वाट काढली. सरकारी आकड्यांनुसार 2014-15 मधली 33 कोटी डॉलरची आयात 2022-23 मध्ये 16 कोटींच्या खाली आली. मात्र यात शुल्काचा वाटा किती आणि मानकाचा किती, हे या आकड्यावरून ठरवता येत नाही, आणि शुल्क तर 2023 मध्ये 70 टक्के झाले. परीक्षेत हा आकडा लिहिताना केवळ सुरक्षा नियमाचे यश म्हणून लिहू नये.

दुसरा परिणाम मुलाच्या बाजूचा आहे. मानकानुसार खेळण्याच्या रंगातून पाझरणारे शिसे किलोमागे 90 मिलिग्रॅमच्या आत हवे. वगळलेल्या खेळण्याला हा आकडा या आदेशाने लागू होत नाही. वनस्पतिज रंग वापरणाऱ्या कारागिराच्या बाबतीत काळजी कमी, पण लाखेत मळलेली पिवळी पूड बाजारातून आणलेली असेल, तर ती कशाची हे कारागिरालाही माहीत असतेच असे नाही. शिशाबाबतचा दुसरा भारतीय नियम 2016 चा, नोव्हेंबर 2017 पासून लागू झालेला. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाखांत 90 भागांहून अधिक शिसे नको, असे तो सांगतो आणि जबाबदारी रंग बनवणाऱ्यावर टाकतो. या पद्धतीत खेळणे करणाऱ्याला प्रयोगशाळा लागत नाही, डबा विकत घेतानाच त्याचे काम होते. फक्त तो नियम डब्यातल्या रंगाचा आहे. कारागीर स्वतः चुलीवर लाख तापवून तिच्यात रंगपूड मळतो, तेव्हा तयार होणारी कांडी कोणत्याच डब्यातून आलेली नसते.