हेडेकमधला ‘एक’

हेडेक, टूथेक यांतला ‘एक’ जुन्या इंग्रजीतल्या ‘अकन’ या क्रियापदाच्या कुळातला. एके काळी क्रियापदाचा उच्चार ‘एक’ आणि नामाचा ‘एच’ होता. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात हा शब्द ग्रीक ‘आखोस’शी जोडला. व्युत्पत्ती चुकीची, पण तिच्यामुळे ‘सीएच’ पक्कं झालं. उच्चार मात्र क्रियापदाचाच उरला. अशा शब्दाचं स्पेलिंग नियमाने शिकवता येत नाही, आणि त्याची जोडणीही सवयीची: डोकं, दात, कान, पोट, पाठ यांना ‘एक’ लागतो, गुडघ्याला सहसा नाही. म्हणून नवशिक्यांना आधी ‘माय नी हर्ट्स’ शिकवावं; ‘माझा गुडघा दुखतो’ची रचना त्यात जशीच्या तशी बसते. ‘माय नी इज पेनिंग’ भारतात सगळ्यांना कळतं, हा आक्षेप रास्तच. पण ‘हर्ट्स’ लंडनच्या दवाखान्यातही तितकंच सहज चालतं.