गादी नसलेला दरबार

आमचे चौक गाव भाईंदरच्या पश्चिमेस, अगदी समुद्राला टेकलेले. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने घेतलेला धारावीचा किल्ला इथलाच. कोळ्यांची वस्ती मोठी, आणि त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती. अशा गावात मास्तरकी करताना मुलांच्या शंकांना तोटा नसतो. एकदा वारसा हा शब्द शिकवीत होतो. बापाची होडी मुलाकडे जाते, हे उदाहरण मी दिले, तशी मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, फादरना तर पोरंच नसतात. मग त्यांच्यामागे देऊळ कुणाचं?"

कॅथलिक पाद्री लग्न करीत नाही, धर्मप्रांताचा बिशप दुसरा नेमतो, हे मी सांगितले. पण प्रॉटेस्टंट पंथात पाद्री संसारी असतो. तिथे काय होते, हा प्रश्न माझ्याच डोक्यात राहिला. आणि त्याचे उत्तर शोधताना मी पुन्हा एकदा रेव्हरंड टिळकांच्या घरात जाऊन पोचलो.

घराण्याने चालविलेला धर्म महाराष्ट्राला नवा नाही. चिंचवडला मोरया गोसाव्यांच्या वंशात सात पिढ्या देवपण नांदले. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखी सुरू केली आणि देहूचे मोरे घराणे तिला जोडलेले राहिले. मिशनऱ्यांतही घराणी होती. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ साली मुंबईस आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट अॅलन १८४७ साली मुंबईतच जन्मला आणि पुढे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा आधारस्तंभ झाला. टिळकांचे नगरशी नाते जडले ते याच मिशनमुळे.

नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुलगा दत्तू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या, पंढरपुरास काही काळ काढला. ज्या नवऱ्याला ज्ञातीने मेलेला धरला, त्याच्या नावाचे कुंकू लावायचे की पुसायचे, हा प्रश्न त्या काळच्या बाईला पुस्तकी नव्हता. चार-साडेचार वर्षांनी त्या त्यांच्याकडे परतल्या; १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरफटत गेली, असे कुणी म्हणेल तर त्याने 'स्मृतिचित्रे' वाचलेली नाहीत, एवढेच मी म्हणेन. जातीची अढी आपल्या मनातून कशी गेली, हे त्या बाईने आपल्याच बुद्धीने सांगितले आहे.

पुढे टिळक विधिपूर्वक पाळक झाले. त्यांच्या घरी पोरक्या मुलांचा राबता असे. बालकवी ठोमरेही तिथे राहून गेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यांची भजने 'उपासना संगीत' या पुस्तकातून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ओठी बसली.

आणि मग १९१७. टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा. परदेशी पैशावर न जगणारी, भजन-कीर्तनात रमणारी देशी मंडळी त्यांना उभी करायची होती. कल्पना मोठी होती खरी. पण मला मात्र दर वेळी लक्ष्मीबाईंच्या चुलीची आठवण होते. एकदा धर्मासाठी मोडलेला संसार त्यांनी परत जुळविला होता. पंचावन्नाव्या वर्षी नवरा पुन्हा म्हणतो, पगार नको! संन्याशाचा संसार कुणी चालवायचा, हे आपल्या संतचरित्रांतही फारसे कुणी विचारीत नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबाराला दोन वर्षेही मिळाली नव्हती. देवदत्त अठ्ठावीस वर्षांचे होते, लक्ष्मीबाई पन्नाशीच्या. देहू-चिंचवडच्या रीतीने पाहिले तर मुलाला गादीवर बसवायचे, आईने मागे उभे राहायचे, आणि शिष्यांनी पाया पडायचे. तसे घडले नाही. टिळकांवाचून दरबार टिकला नाही. देवदत्त नोकरीनिमित्त कराचीस गेले तेव्हा लक्ष्मीबाईही तिकडे राहिल्या. हे अपयश होते काय? दरबाराचे होतेच, उगाच पांघरूण कशाला घाला?

पण टिळकांच्या मागे एक अर्धे काम पडले होते. ख्रिस्तचरित्राचे ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले होते आणि जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर सोडले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्या बाईचे शिक्षण शाळेत झाले नाही, तिने त्यात स्वतःचे चौसष्ट अध्याय घातले. देवदत्त 'ज्ञानोदया'चे संपादक झाले, आणि आईच्या आठवणी 'स्मृतिचित्रे' म्हणून १९३४ पासून भागाभागाने निघाल्या, त्यामागे त्यांचाच हात होता. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. 'ख्रिस्तायन' ग्रंथरूपाने निघाले ते त्यानंतर.

हे सारे मी त्या पोराला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "चौसष्ट? आणि त्यांचे दहा? मग पुस्तकावर नाव कुणाचं पहिलं, सर?"