बेवारशी कोणाचे? १८३२ची मुंबई आणि कुत्र्यांचा प्रश्न

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी लिहिताना आपण ‘भटकी’, ‘मोकाट’ आणि ‘बेवारशी’ हे तीन शब्द समानार्थी असल्याप्रमाणे वापरतो. पहिल्या दोन शब्दांत कुत्र्याच्या वागण्याचे वर्णन आहे. तिसऱ्यात वारसाचा, म्हणजे माणसाच्या जबाबदारीचा प्रश्न दडलेला आहे. आपल्या प्रशासनाने जवळजवळ दोन शतके पहिल्या दोन शब्दांपुरताच विचार केला, आणि त्याची साक्ष मुंबईच्या इतिहासात सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारने मुंबईत वर्षातील ठरावीक उन्हाळी-पावसाळी महिन्यांत बेवारशी कुत्री मारण्याची प्रथा पाडली. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय खरे होते. पाश्चरची लस यायला १८८५ उजाडायचे होते. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळे. इनाम आले की लोभ आला. घरची, राखलेली कुत्रीही मारली जात असल्याच्या तक्रारी होऊ लागल्या.

६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोट भागात ही मोहीम चालू असताना पारशी जमावाने शिपायांवर हल्ला केला. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडावी असा ‘सगदीद’ हा अंत्यविधीच त्यांच्यात आहे. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले, हिंदू, जैन व मुसलमानही हरताळात सामील झाले आणि लष्कराची रसद अडवली गेली. अखेर सैन्य बोलवावे लागले. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. मात्र पुढे जमशेटजी जीजीभाईंसारख्या प्रतिष्ठितांच्या मध्यस्थीनंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तडजोड निघाली.

इतिहासकार या घटनेकडे वसाहतकालीन सत्ता आणि एतद्देशीय समाज यांच्यातील संघर्ष म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. सरकार मारू म्हणत होते, लोक मारू नका म्हणत होते. कुत्री जन्माला कशी येतात, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी विचारलाच नाही. शहराबाहेर नेलेल्या कुत्र्यांनाही पिल्ले होणारच होती. कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा, आणि एका वेतात अनेक पिल्ले. उकिरडा कायम असेपर्यंत रिकामी झालेली जागा भरून निघते. म्हणूनच पुढे दीर्घकाळ पालिका कुत्री मारत राहिली, तरी ती संपली नाहीत.

जन्माचा विचार फार उशिरा आला. १९९०च्या दशकात मुंबईने मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग धरला. २००१ साली देशभरासाठी श्वान-जन्मनियंत्रणाचे नियम झाले; २०२३च्या नियमांनी त्यांची जागा घेतली. २०१९च्या पशुगणनेत देशातील रस्त्यांवर सुमारे १.५३ कोटी कुत्री नोंदली गेली. एवढ्या संख्येपुढे केवळ रस्त्यावरची नसबंदी पुरी पडत नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात जो वाद गाजला, तोही मुख्यतः कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवावीत की लस टोचून परत सोडावीत, याभोवतीच फिरला. म्हणजे १८३२चाच वाद, अधिक दयाळू भाषेत.

दाराशी बांधलेली, रात्री मोकळी सोडलेली कुत्री व्यायली की नको असलेली पिल्ले बाजारात किंवा पुलाखाली सोडली जातात. हौसेने विकत घेतलेली जातिवंत कुत्रीही कंटाळा आल्यावर रस्त्यावर येतात. २०१७च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांखालील पिल्लांची विक्री निषिद्ध ठरवली. २०२३च्या नियमांत पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची जबाबदारी मालकावर आहे. तत्त्व मान्य झालेले आहे. उणीव आहे ती ते प्रत्येक दारापर्यंत पोचवण्याची: पाळीव कुत्र्यांची नोंदणी, परवान्याविना पैदास करणाऱ्यास दंड, आणि गरीब मालकांसाठी मोफत नसबंदी. शेवटची गोष्ट नसेल, तर पहिल्या दोन्हींचा भार गरिबावरच पडेल, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

पैदाशीवर नियंत्रण म्हणजे प्राण्यावरील अन्याय, असा आक्षेप भूतदयेच्या नावाने घेतला जातो. पण उपाशी, खरजेने पिडलेले पिल्लू चाकाखाली जाणे, किंवा एखादे मूल रेबीजने दगावणे, यांत दया कोठे आहे? १८३२च्या पारशांनी कुत्र्याचे प्राण वाचवण्यासाठी तुरुंगवास पत्करला. आज त्याच आस्थेला जन्माची जबाबदारीही घ्यावी लागेल. तेव्हाच ‘बेवारशी’ या शब्दाला उत्तर मिळेल.