तळटीप ७ : प्रो. माणिकराव

७. प्रो. माणिकराव : बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव. ‘प्रोफेसर’ हा कॉलेजातला हुद्दा नव्हे. त्या काळी मल्लविद्येतल्या आणि सर्कशीतल्या उस्तादांना तसे म्हणत. गुरू जुम्मादादांचे नाव त्यांनी आखाड्याला दिले. लाठी, लेझीम, जोडी (मुद्गल) हे एकेकट्याने करायचे प्रकार त्यांनी शेकडो मुलांना एका तालावर शिकवले, आणि इंग्रजी हुकुमांच्या जागी देशी भाषेतले हुकूम आणले. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. शिवाय ते नामांकित हाडवैद्य होते. निखळलेला सांधा बसवणे, मुरगळलेल्या पायाला मालीश करणे ही आखाड्यातलीच विद्या, म्हणून मूळ मजकुरातले कोसबाडचे मास्तर पडलेल्या मुलाचा खांदा चाचपताना माणिकरावांचे नाव घेतात.

पुढे कैवल्यधाम (लोणावळा, १९२४) स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडेच शिकले. मास्तर ज्या ‘कांदिवली’चा उल्लेख करतात ती मुंबई सरकारने १९३८ मध्ये काढलेली व्यायामशिक्षकांची प्रशिक्षण संस्था. कोसबाडजवळच्या घोलवडहून मुंबईला जाणाऱ्या लोहमार्गावरच कांदिवली स्टेशन लागते.