आस केवढा?

चार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. मासेमारीबंदीचे दिवस होते आणि आमच्या शेजारचे तांडेलकाका ओटीवर बसून जाळे सांधत होते. वय अठ्ठ्याहत्तर. एकाएकी उजव्या हातातली सुई गळून पडली. सुनेने विचारले तर तोंडून नीट शब्द फुटेना. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले आणि काकांनी सुई परत उचलली. हात अवघडला असेल, एवढ्यावर विषय मिटला असता. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. अलिबागला डॉक्टरांनी मानेला नळी लावून ऐकले, सोनोग्राफी करवली. मेंदूकडे जाणारी डावीकडची कॅरोटिड धमनी बरीचशी बंद झाली होती. मांडव्याहून रो-रोने आम्ही मुंबईला गेलो.

तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी समजावले, ‘‘आजोबा, मानेच्या नसेत जाळी बसवू.’’ जाळी म्हटल्यावर काकांनी मान वर केली. ‘‘डाक्टर, त्या जाल्याचा आस केवरा?’’ डॉक्टर हसले, शेजारी उभे असलेले शिकाऊ डॉक्टरही हसले. उत्तर काही मिळाले नाही. जाळ्याच्या दोन गाठींमधला मोकळा डोळा म्हणजे आस. काका साठ वर्षे डोल लावत आले, त्यांनी दुसरे काय विचारावे? मी मूळचा या किनाऱ्याच्या इतिहासाचा हौशी अभ्यासक. बंदरे, जकाती, जुनी दप्तरे यांत रमणारा. पण त्या प्रश्नाने मला भलत्याच वाटेला लावले.

मानेतल्या या वाहिन्यांची धास्ती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना नीला आणि मन्या अशा मिळून चार धमन्या सांगितल्या आहेत. तिथे घाव बसला तर मुकेपणा येतो, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते. नीला-मन्या म्हणजे आजच्या नेमक्या कोणत्या वाहिन्या, हा वादाचा विषय. तिकडे ग्रीकांनी ‘कॅरोटिड’ हे नाव गुंगी या अर्थाच्या शब्दावरून ठेवले, कारण ही नस दाबली की माणूस भान हरपतो. मात्र मानेतली नस तुंबल्याने अर्धांगवायू होतो, हे ठासून मांडले जायला १९५१ साल उजाडले. माँट्रियलच्या मिलर फिशर यांनी रुग्णांचे अनुभव आणि शवविच्छेदन यांची सांगड घातली. तीन वर्षांनी, मे १९५४ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी सहासष्ट वर्षांच्या एका गृहिणीवर शस्त्रक्रिया केली. तिला असे तेहेतीस झटके येऊन गेले होते. तिचे शरीर थंड करून नसेचा रोगट तुकडा कापला आणि दोन्ही टोके जोडून दिली. अमेरिकेत डीबेकी यांनी १९५३ मध्येच नस उघडून आतला थर खरवडून काढला होता. पण ते छापून आले फार उशिरा.

म्हणजे आधी चाकू आला. जाळी आली ती दुसऱ्याच वाटेने, आणि या वाटेवर डॉक्टरांइतकेच कारागीर भेटतात. ‘स्टेंट’ हे मुळात एका दंतवैद्याचे आडनाव. लंडनच्या चार्ल्स स्टेंट यांनी एकोणिसाव्या शतकात दातांचा ठसा घेण्यासाठी एक मिश्रण तयार केले. पहिल्या महायुद्धात एस्सर या डच शल्यचिकित्सकाने त्वचारोपणाला आधार म्हणून ते वापरले आणि ‘आत राहून आकार धरणारी वस्तू’ असा अर्थ त्या नावाला चिकटत गेला. हुलिओ पाल्माझ हे मूळचे अर्जेंटिनाचे. त्यांच्या गॅरेजमध्ये गवंड्याने टाकून दिलेला गिलाव्याच्या जाळीचा तुकडा पडला होता. एकाआड एक चिरा दिलेला पत्रा ताणला की शंकरपाळ्यासारखी भोके उघडतात, तसला. त्यावरून त्यांना नसेत फुग्याने फुलवायची जाळी सुचली. हृदयाच्या नसांना ती मानवली. मान मात्र उघड्यावरची. उशीचा, हाताचा दाब पडला की तिथे ही जाळी चेपायची आणि चेपलेली परत फुलायची नाही. मग मानेसाठी आपोआप उलगडणाऱ्या जाळ्या आल्या. काही तारा विणून केलेल्या. काही निकेल-टायटॅनियमच्या नळीवर लेझरने कापलेल्या. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला म्हणून त्याच्या नावात त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे आहेत: निटिनॉल. शरीराची ऊब लागली की तो ठरवून दिलेल्या आकारावर परत येतो.

आता काकांचा प्रश्न. हृदयाच्या नसेत जाळीचे मुख्य काम नस उघडी धरण्याचे. मानेत तेवढ्याने भागत नाही. इथला थर मऊ, भुसभुशीत असतो. जाळी त्यावर दाबली की सोऱ्यातून शेव पडावी तसा तो भोकांतून आत डोकावतो. कण सुटले की थेट मेंदूत. म्हणून जाळीने इथे अडवायचेही असते. विणलेल्या ‘बंद’ जाळीचा आस जेमतेम एक चौरस मिलिमीटरचा. काही ‘खुल्या’ जाळ्यांत तो अकरा चौरस मिलिमीटरच्याही वर जातो. दहापटीचा फरक!

मग सगळ्यांना बारीक आसाचीच जाळी का नाही? याचे उत्तर मला काकांच्याच ओटीवर मिळाले. डोल जाळे तोंडाशी मोठ्या आसाचे असते आणि शेवटच्या खोल्याकडे आस बारीक होत जातो. सगळेच जाळे बारीक आसाचे केले तर भरतीचे पाणी त्यातून निघणार नाही, ताण येऊन ते फाटेल. धातूच्या जाळीला पाण्याचा नाही, पण वळणांचा जाच असतो. बंद जाळी ताठ. वाकड्या नसेत ती नसेलाच सरळ करू पाहते, आणि मग तिच्या टोकाशी नस मुडपते. खुली जाळी वळणात छान बसते, पण तिच्यातून कण सुटतात. म्हाताऱ्या माणसाची नस नेमकी नागमोडी झालेली असते आणि तिच्यातला थर जुना. म्हणजे ज्याला बारीक आस हवा, त्याच्याच नसेत तो बसवणे अवघड.

आकडे बोलके आहेत. बेल्जियम आणि इटलीतल्या ३,१७९ रुग्णांच्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जाळी बसवून झाल्यानंतरच्या काळातले झटके आणि तत्सम आघात अडीच चौरस मिलिमीटरहून लहान आसाच्या गटात १.२ टक्के होते, साडेसातहून मोठ्या आसाच्या गटात ३.४ टक्के. जर्मन भाषक देशांतल्या ‘स्पेस’ चाचणीची फेरतपासणी झाली, तेव्हा बंद जाळीच्या गटात पक्षाघात किंवा मृत्यू ५.६ टक्के निघाला, खुल्या जाळीच्या गटात ११ टक्के. ही दोन्ही गणिते मागाहून मांडलेली. कोणाला कोणती जाळी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. डॉक्टरांनी नस पाहून निवडली होती. तेवढी सावधगिरी बाळगलीच पाहिजे.

वयाचे गणित मात्र अधिक पक्के आहे. तीन युरोपीय चाचण्यांचे आकडे २०१० मध्ये एकत्र केले गेले. चार महिन्यांतला पक्षाघात किंवा मृत्यू सत्तरीच्या आतल्यांत जाळीने ५.८ टक्के, शस्त्रक्रियेने ५.७, जवळपास सारखाच. सत्तरी आणि पुढे जाळीने १२ टक्के, शस्त्रक्रियेने ५.९. त्याच वर्षी २,५०२ रुग्णांची ‘क्रेस्ट’ ही अमेरिका-कॅनडातली चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातही पारडे सत्तरीच्या आसपासच फिरले. पण तिच्यात सगळ्यांना एकच जाळी बसवली होती, आणि ती खुली, सर्वांत मोठ्या आसांपैकी एक. मग म्हाताऱ्यांचे जे नुकसान झाले त्यात वयाचा वाटा किती आणि आसाचा किती, हे त्या चाचणीतून सुटे करता येत नाही. सगळा दोष आसाचाही नव्हे. जांघेतून वर जाणारी तार महाधमनीच्या कमानीतून फिरते, आणि उतारवयात ती कमान वेडीवाकडी, चुन्याने खरखरीत झालेली असते; जाळी पोहोचण्याआधीच तिथून कण सुटू शकतात. तरीही ‘म्हाताऱ्यांना जाळी नको’ असे सरसकट म्हणताना कोणती जाळी, हे विचारणारे थोडेच.

पुढे दुहेरी जाळ्या आल्या. बाहेरची चौकट लवचिक, तिच्यावर एक मिलिमीटरहूनही बारीक आसाचे अस्तर. डोलीचे तोंड आणि खोला एकावर एक ठेवावा, तशी युक्ती. मात्र पक्षाघाताच्या घाईत बसवलेल्या अशा काही जाळ्या आत रक्त गोठून बंद पडल्याच्याही नोंदी आहेत.

आपल्याकडे जाळीची चर्चा झाली ती किमतीची. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. योग्यच झाले. मानेची जाळी त्या आदेशात नव्हती, आणि तिच्या आसाबद्दल तर वर्तमानपत्रात एक ओळ आलेली मला आठवत नाही.

काकांनी जाळी घेतली नाही. ‘‘आस सांगत नाय तो जाला मी घेत नाय,’’ एवढेच म्हणाले. दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी नस उघडून साफ केली. हृदय धड होते म्हणून ते जमले; शस्त्रक्रियेत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका जाळीपेक्षा जास्त, हे त्यांनी आधीच सांगितले होते. नंतर काकांचा आवाज तीन महिने घोगरा होता. नसेला लागून जाणारा मज्जातंतू दुखावला होता. मी त्यांना सुश्रुताचे सांगितले, तर म्हणाले, ‘‘त्याला ठाव होता, मंग तुमी आदी का नाय बोललात?’’

मला आधी ठाऊक नव्हते. गणपतीपर्यंत आवाज मोकळा झाला, आणि नारळी पौर्णिमेला हुकलेली होडी त्यांनी मुलाबरोबर पाण्यात घातली.